प्रायव्हसीवालं ईमेल आणि व्हीपीएन स्वस्तात कसं घ्यायचं: ऑफर सगळ्यात शेवटी बघा

पैसे भरून प्रायव्हसीवालं ईमेल किंवा व्हीपीएन घेणारे बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. आधी "८० टक्के सूट" दिसते, लगेच दोन वर्षांचे पैसे भरले जातात, आणि मग कळतं की हे मेल आपल्या नेहमीच्या ॲपमध्ये चालतच नाही, किंवा व्हीपीएन लावलं की बँकेची साइट उघडत नाही, आणि हे कळेपर्यंत रिफंडची मुदत उलटून गेलेली असते. सूट वाईट नाही, जरूर घ्यावी, पण ती शेवटून दुसरी पायरी आहे. क्रम असा ठेवा: गरज, निवड, चाचणी, हिशोब, मग सूट, मग सेटअप. खाली सगळं त्याच क्रमाने दिलंय, पायरी गाळू नका.

## टप्पा १: आधी गरज लिहून काढा

ईमेल आणि व्हीपीएन एकाच पानावर विकले जातात म्हणून लोक दोन्ही एकच गोष्ट समजतात. दोघांचं काम वेगळं आहे.

व्हीपीएन लावलं की तुमचं इंटरनेट व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरमधून जातं, त्यामुळे तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर जाता ते दिसत नाही आणि साइटला तुमचा खरा आयपी (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर) दिसत नाही. बस, एवढंच. जे आधी इंटरनेट कंपनीला दिसायचं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं, म्हणजे तुम्ही विश्वासाची जागा बदलताय, विश्वासाची गरज संपत नाहीये. तुम्ही गूगलला लॉगिन करून बसला असाल तर व्हीपीएन असो नसो, गूगलला तुम्ही कोण ते माहीतच आहे. कुकीज, ब्राउझरची ओळख, फोनमधली ॲप्स जी माहिती पाठवतात ती, यातलं काही व्हीपीएन थांबवत नाही.

एन्क्रिप्टेड (म्हणजे मजकूर कुलूपबंद करून ठेवणाऱ्या) ईमेलचंही तसंच. तुमचा साठवलेला मेल कंपनीला स्वतःला वाचता येत नाही आणि जाहिरातीसाठी वापरला जात नाही, हा खरा फायदा. पण समोरचा माणूस जीमेलवर असेल तर त्याच्याकडची कॉपी जीमेलकडे आहेच. दोन्ही टोकांनी बंद असलेला मेल, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणारा, फक्त तेव्हाच, जेव्हा दोघंही त्याच सर्व्हिसवर असतात किंवा तुम्ही पीजीपी (मेल स्वतः कुलूपबंद करायची पद्धत) वापरता किंवा पासवर्ड लावून मेल पाठवता. हे आधी समजलं नाही की मग लोक चिडतात की पैसे भरून काय मिळालं.

आता एका कागदावर ही उत्तरं लिहा:

- मेल कुठे वाचणार? फक्त त्यांच्या ॲपमध्ये आणि ब्राउझरमध्ये चालेल, की थंडरबर्ड, आउटलुक, ॲपल मेल हवंच?
- जुना मेल किती जीबी आहे? (अंदाज नको, सेटिंगमध्ये आकडा बघा.)
- स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) आहे का, किंवा घ्यायची तयारी आहे का?
- कॅलेंडर आणि काँटॅक्ट्सही हलवायचे आहेत का?
- व्हीपीएन नक्की कशासाठी: सार्वजनिक वायफाय, इंटरनेट कंपनीपासून लपवणं, प्रवास, टॉरंट, की दुसऱ्या देशातलं स्ट्रीमिंग?
- किती डिव्हाइसवर, आणि वर्षातले किती महिने?

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे वाचवतो आणि तोच कुणी विचारत नाही. वर्षात ३ महिनेच लागत असेल तर दोन वर्षांची ऑफर कितीही स्वस्त दिसली तरी ती तुमच्यासाठी नाही.

थांबा: स्ट्रीमिंग हेच मुख्य कारण असेल तर प्रायव्हसीच्या यादीत शोधू नका. त्या दोन गरजा एकाच सर्व्हिसमध्ये दर वेळी भेटत नाहीत, आणि आज चाललेलं स्ट्रीमिंग पुढच्या महिन्यात चालेल याची खात्री कुणीच देत नाही.

## टप्पा २: ईमेल निवडा (इथे घाई अजिबात नको)

व्हीपीएन चुकलं तर ५ मिनिटात दुसरं लावता येतं. ईमेल चुकलं तर शंभर ठिकाणी दिलेला पत्ता बदलत बसावं लागतं. त्यामुळे सगळा वेळ इथे घाला.

पहिला फाटा आयमॅपचा आहे. म्हणजे कुठल्याही मेल ॲपमध्ये मेल उघडता येतो का. टुटा नावाची सर्व्हिस आयमॅप देतच नाही, त्यांचीच ॲप्स वापरावी लागतात. बदल्यात विषयाची ओळसुद्धा एन्क्रिप्ट होते. प्रोटॉन मेल डेस्कटॉपवरच्या थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये चालतं, पण ब्रिज नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लावून, आणि ब्रिज फक्त पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये मिळतं, फोनवर तर त्यांचंच ॲप. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ दोन्ही टोकांनी एन्क्रिप्ट होत नाही, तेव्हा गुपित गोष्ट विषयात लिहू नका. मेलबॉक्स डॉट ऑर्ग आणि पोस्टेओ या जर्मन सर्व्हिसेस सरळ आयमॅप देतात. फास्टमेल ऑस्ट्रेलियाचं, वापरायला फार सुटसुटीत आणि जाहिराती नाहीत, पण त्यात दोन्ही टोकांचं एन्क्रिप्शन नाही, म्हणजे जाहिरातदारांपासून सुटका हवी एवढीच गरज असेल तर चांगलं, त्यापुढची गरज असेल तर नाही.

दुसरा फाटा डोमेनचा, आणि माझं मत इथे ठाम आहे: जमत असेल तर स्वतःचं डोमेन घ्याच. २०२४ च्या फेब्रुवारीत स्किफ नावाची प्रायव्हसी ईमेल सर्व्हिस नोशन या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतली आणि त्याच वर्षी ती बंद झाली. ज्यांचा पत्ता स्किफच्याच डोमेनवर होता त्यांना सगळीकडे पत्ता बदलावा लागला, ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसरीकडे जोडलं आणि पत्ता तोच राहिला. डोमेन असलं की पुढच्या वर्षी दुसरीकडे चांगली सूट मिळाली तर उठून तिकडे जाता येतं, म्हणजे सवलतीचा खरा फायदा घ्यायची ताकद डोमेनमुळेच येते. पोस्टेओ महिन्याला १ युरोत मिळतं, फार स्वस्त, पण तिथे स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, हे आधी माहीत असू द्या. डोमेन घेतलं की एक तोटाही येतो, पत्त्यावरून तुम्ही एकटेच ओळखू येता, गर्दीत मिसळता येत नाही. ज्यांना खरंच निनावी पत्ता हवाय त्यांनी त्या कामापुरता सर्व्हिसचाच पत्ता वापरावा.

तिसरं, एन्क्रिप्शनच्या जाहिरातीपलीकडे काय उघडं राहतं ते बघा. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या कायदेशीर आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी नोंदवून द्यावा लागला, मेलचा मजकूर मात्र देता आला नाही कारण तो त्यांनाच वाचता येत नाही. २०२४ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात खात्याला जोडलेला रिकव्हरी ईमेल द्यावा लागला. कुठलीही कंपनी आपल्या देशाच्या कायद्याबाहेर नाही, त्यामुळे "आम्ही कधीच काही देत नाही" असं कुणी लिहिलं असेल तर त्याच्यापासून दोन हात लांब राहा आणि जी कंपनी आपल्याकडे काय काय साठतं याची यादी सरळ देते तिला झुकतं माप द्या.

तपासा: निवडलेल्या प्लॅनमध्ये किती जीबी, किती पत्ते, किती डोमेन. फुकट आणि सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये डोमेन बहुधा नसतं. प्रोटॉनच्या मेल प्लस प्लॅनला १५ जीबी आणि १ डोमेन मिळतं. तुमचा जुना मेलच १८ जीबी असेल तर सूट बघण्याआधीच तो प्लॅन यादीतून गेला.

## टप्पा ३: व्हीपीएन निवडा

इथे मोठा धोका चुकीच्या रिव्ह्यूचा. "सर्वोत्तम १० व्हीपीएन" अशा याद्या बहुतेक कमिशनवर चालतात, तुम्ही लिंकवरून घेतलं की त्यांना पैसे मिळतात, आणि दोन वर्षांचा प्लॅन घेतला की जास्त मिळतात. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे मालकी. केप टेक्नॉलॉजीज ही एकच कंपनी सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ पासून एक्सप्रेसव्हीपीएनची मालक, आणि त्याच वर्षी तिने व्हीपीएनमेंटर आणि विझकेस या रिव्ह्यू साइट्स चालवणारी कंपनीही घेतली. नॉर्ड आणि सर्फशार्क २०२२ पासून एकाच छत्राखाली आहेत. यात बेकायदा काही नाही, पण चार नावांची तुलना करतोय असं वाटताना तुम्ही एकाच दुकानातल्या चार बरण्या बघत असाल तर ते माहीत असायला हवं.

मग बघायचं काय?

पहिलं, लॉग (तुम्ही काय केलंत याच्या नोंदी) न ठेवण्याच्या दाव्याला पुरावा. बाहेरच्या कंपनीकडून ऑडिट झालंय का, कधी झालं, आणि रिपोर्ट वाचायला मिळतो का. पाच वर्षांपूर्वीचं एक ऑडिट अजून मिरवत असतील तर ते धरू नका. ऑडिटपेक्षाही वजनदार पुरावा म्हणजे खरी घटना: एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस वॉरंट घेऊन मलवाड या व्हीपीएन कंपनीच्या ऑफिसात गेले आणि ग्राहकांचा डेटा तिथे नव्हताच म्हणून रिकाम्या हाताने परतले.

दुसरं, खातं उघडताना काय मागतात. मलवाड ईमेलसुद्धा मागत नाही, १६ आकडी नंबर देतं, तोच तुमचा लॉगिन. बाकी बहुतेक ठिकाणी ईमेल लागतो.

तिसरं, तांत्रिक किमान गोष्टी: वायरगार्ड प्रोटोकॉल (व्हीपीएन जोडायची एक पद्धत), किल स्विच (कनेक्शन तुटलं तर इंटरनेटच बंद करणारा), स्वतःचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी यंत्रणा), आणि ॲप्सचा कोड उघडा असेल तर उत्तम. सर्व्हर किती हजार आहेत हा आकडा जाहिरातीत मोठा असतो, तुमच्या उपयोगाचा नसतो. तुम्ही राहता तिथून जवळचे २-३ देश चांगले चालले म्हणजे झालं.

टॉरंटवाल्यांसाठी एक ओळ: पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून तुमच्या कॉम्प्युटरशी जोडता यावं म्हणून ठेवलेली वाट) लागत असेल तर आधी विचारा, मलवाडने ते २०२३ मध्ये काढून टाकलं.

थांबा: "आयुष्यभरासाठी एकदाच पैसे भरा" ही ऑफर दिसली तर पुढे सरका. २०२५ मध्ये व्हीपीएनसिक्युअरच्या नव्या मालकांनी जुन्या मालकांनी विकलेली आयुष्यभराची खाती बंद केली. सर्व्हर चालवायला दर महिन्याला पैसे लागतात, एकदाच घेतलेल्या पैशात ते कायमचे चालत नाहीत, आणि आयुष्य तुमचं नाही, कंपनीचं मोजलं जातं.

## टप्पा ४: पैसे न भरता किंवा एक महिन्याचे भरून वापरून बघा

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त गाळतात कारण ऑफरचं घड्याळ टिकटिक करत असतं. प्रोटॉन आणि टुटाला फुकट प्लॅन आहेत, प्रोटॉनचं व्हीपीएनही फुकट मिळतं, डेटाची मर्यादा नाही, फक्त एकच डिव्हाइस आणि देश आपल्याला निवडता येत नाही. फास्टमेलला ट्रायल आहे. जिथे काहीच फुकट नाही तिथे एक महिना पूर्ण किमतीला घ्या. एका महिन्याचे जास्तीचे पैसे म्हणजे दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी अडकण्यापासून वाचण्याची किंमत आहे, ती द्या.

चाचणी म्हणजे नुसतं उघडून बघणं नाही. ईमेलसाठी:

१. तुमच्या ३-४ ओळखीच्या लोकांना वेगवेगळ्या सर्व्हिसवर मेल पाठवा, स्पॅममध्ये जातो का विचारा.
२. मोठी फाइल जोडून बघा.
३. एखाद्या बिनमहत्त्वाच्या साइटवर हा पत्ता देऊन ओटीपी आणि पासवर्ड रिसेटचा मेल किती वेळात येतो ते बघा. काही साइट्स अशा पत्त्यांना नाकारतातही.
४. सर्च करून बघा. एन्क्रिप्टेड मेलमध्ये मजकुरातला सर्च वेगळा चालू करावा लागू शकतो आणि मोठ्या इनबॉक्सला पहिल्यांदा खूप वेळ लागतो. मेलमध्ये सतत जुनं शोधणाऱ्यांनी हे नक्की बघावं, कारण रोजचा त्रास इथेच होतो.
५. फोनवर नोटिफिकेशन वेळेवर येतं का.

व्हीपीएनसाठी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी स्पीड मोजा, दुपारी सगळेच वेगात असतात. बँक, ऑफिस आणि रोजच्या साइट्स व्हीपीएन चालू ठेवून उघडा. जी साइट अडते तिच्यासाठी ठरावीक ॲप व्हीपीएनबाहेर ठेवायची सोय तुमच्या सिस्टिमवर आहे का ते बघा, कारण एकच कंपनी ती सोय एका सिस्टिमवर देते आणि दुसऱ्यावर देत नाही असंही असतं.

तपासा: आठवडाभर वापरून झाल्यावर टप्पा १ चा कागद काढा आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबर की चूक लिहा. "जमवून घेऊ" असं दोन ठिकाणी लिहावं लागलं तर दुसरी सर्व्हिस बघा.

## टप्पा ५: हिशोब करा, टक्के विसरा

टक्के कशाचे काढलेत ते कंपनी ठरवते. बहुतेक वेळा महिन्या-महिन्याच्या सगळ्यात महाग दराशी तुलना केलेली असते, जो दर फार कमी लोक भरतात. तुम्ही तीनच आकडे काढा: आज एकदम किती जाणार, ते किती महिन्यांसाठी, आणि रिन्यू होताना किती जाणार. तिसरा आकडा बहुधा बारीक अक्षरात असतो, शोधा, आणि सापडत नसेल तर सपोर्टला विचारून लेखी घ्या.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. एक ऑफर आहे २७ महिन्यांसाठी ८१ युरो, म्हणजे महिन्याला ३. रिन्यूअल वर्षाला १२०. दुसरीकडे मलवाडसारखा ठरलेला दर, महिन्याला ५ युरो, एक महिना घ्या की वर्षाचं घ्या, दर तोच.

पूर्ण २७ महिने वापरलंत तर ८१ विरुद्ध १३५, ऑफर जिंकली. १० महिन्यांत कंटाळलात तर ८१ विरुद्ध ५०. वर्षातले ४ महिनेच लागत असतील तर २७ महिन्यांत साधारण ९ महिने वापर, म्हणजे ४५. आणि रिन्यूअल बंद करायला विसरलात तर ३९ महिन्यांचे २०१ विरुद्ध १९५, म्हणजे सगळी सूट एका विसरण्यात गेली. या ऑफरचा बरोबरीचा बिंदू १७ व्या महिन्यात येतो (८१ भागिले ५). स्वतःला विचारा, १७ महिने सलग वापरणार आहोत का. उत्तर मनापासून हो असेल तरच लांबचा प्लॅन.

माझा नेहमीचा सल्ला: ईमेल चाचणीत पास झालं असेल तर वर्षाचं घ्या, डोमेन स्वतःचं असेल तर दोन वर्षांचंही चालेल. व्हीपीएन मात्र महिन्याचं किंवा फार तर वर्षाचं. त्या धंद्यात मालक बदलतात, धोरणं बदलतात, स्पीड बदलतो, आणि सोडून जायला तुम्हाला काही अडत नाही, मग स्वतःला बांधून का घ्यायचं.

दोन्ही एकत्र देणारा प्लॅन, उदाहरणार्थ प्रोटॉन अनलिमिटेड, ज्यात मेल, व्हीपीएन, ड्राइव्ह आणि पासवर्ड मॅनेजर येतो, तो दोन गोष्टी वेगळ्या घेण्यापेक्षा स्वस्त पडू शकतो, पण त्यातल्या किती गोष्टी तुम्ही खरंच वापरणार तेवढ्यांचीच बेरीज करून तुलना करा. आणि एक धोका लक्षात घ्या, खातं कुठल्याही कारणाने अडकलं, पेमेंट फेल झालं, चुकून गैरवापराचा शिक्का बसला, तर मेल, व्हीपीएन आणि पासवर्ड एकदमच अडकतात. निदान पासवर्ड तरी वेगळ्या ठिकाणी ठेवा किंवा त्याचा बॅकअप काढत राहा.

तपासा: किंमत कर धरून आहे की कर शेवटच्या पानावर लागणार? चलन परकं असेल तर कार्डाची फी? हे दोन्ही बेरजेत घाला.

## टप्पा ६: खरी सूट कुठे मिळते

आता ऑफर बघा. वर्षभरातली मोठी सूट नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ब्लॅक फ्रायडेच्या आसपास येते. गरज सप्टेंबरमध्ये उभी राहिली तर फुकट प्लॅनवर किंवा महिन्या-महिन्याच्या पैशांवर नोव्हेंबरपर्यंत काढा. चाचणीही त्यातच होते. मात्र बऱ्याच ऑफर्स फक्त नव्या किंवा फुकट प्लॅनवरच्या लोकांसाठी असतात, आधीच पैसे भरणाऱ्याला लागू आहे का ते अटींमध्ये वाचा.

काही कंपन्या सूट देतच नाहीत आणि त्यांचा दर वर्षभर तोच असतो. मलवाड त्यातलं, दर २००९ पासून महिन्याला ५ युरो, फक्त क्रिप्टोने भरलं तर १० टक्के कमी. त्यामुळे "मलवाड ७० टक्के सूट" असं कुठे दिसलं तर ते फसवं आहे, क्लिकच करू नका.

बाकीचे प्रामाणिक मार्ग म्हणजे वार्षिक बिलिंग, फॅमिली प्लॅन (खऱ्या कुटुंबासोबत, अनोळखी लोकांसोबत नाही, कारण प्लॅनचा मुख्य माणूस बाकीच्यांना काढू शकतो), विद्यार्थी किंवा सामाजिक संस्थांसाठीची सवलत. विद्यार्थी सवलतीसाठी तिसऱ्याच कंपनीकडे ओळखपत्र अपलोड करायला सांगत असतील तर विचार करा, प्रायव्हसी घ्यायला निघालोय आणि सुरुवातच ओळखपत्र देऊन. आणखी एक मार्ग, फुकट खातं उघडून काही दिवस थांबलं की कधीकधी ॲपमध्येच ऑफर येते, आणि प्लॅन रद्द करायला गेलं की "थांबा, कमी दरात देतो" असंही येतं. याची वाट बघण्यात नुकसान काही नाही.

टाळायच्या गोष्टी:

- कुपन शोधून देणारं ब्राउझर एक्स्टेंशन. ते तुम्ही उघडलेली पानं वाचू शकतं. प्रायव्हसीसाठी घेताय ना, मग हे कशाला.
- दुसऱ्या कुणाकडून मिळणारं अगदी स्वस्त "तयार खातं". ते बहुधा चोरलेलं किंवा अनेकांना विकलेलं असतं, पासवर्ड विकणाऱ्यालाही माहीत असतो. ईमेलच्या बाबतीत तर हा वेडेपणाच.
- शून्यावर जाणारं घड्याळ. तेच पान प्रायव्हेट विंडोमध्ये उघडा, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर मुदत खोटी आहे.
- सर्चमध्ये वर दिसणारी जाहिरात. नावात एखादं अक्षर बदललेल्या नकली साइट्स असतात. पत्ता स्वतः टाइप करा.

## टप्पा ७: पैसे भरताना

कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलं तर किंमत जास्त असू शकते, वेबसाइटवरची सूट तिथे बहुधा लागत नाही, आणि रिफंड मागायचा तर कंपनी म्हणते स्टोअरला विचारा.

कार्डाने भरलं की तुमचं नाव त्या खात्याला जोडलं गेलं, रोजच्या वापरासाठी ते चालतं. ते नको असेल तर मलवाड आणि पोस्टेओ पाकिटातून पाठवलेली रोख रक्कमसुद्धा घेतात. बिटकॉइन म्हणजे निनावी असं नाही, व्यवहार सगळ्यांना दिसतात. आणि रोख किंवा क्रिप्टोने भरलेले पैसे बहुधा परत मिळत नाहीत, म्हणून तसे भरायचे तर छोट्या मुदतीचेच भरा.

भरण्याआधी रिफंडची अट शब्दशः वाचा. "३० दिवसात पैसे परत" यात काही ठिकाणी वापरलेल्या दिवसांचे पैसे कापून उरलेले देतात, काही ठिकाणी सपोर्टला लिहावं लागतं, काही ठिकाणी फक्त पहिल्या खरेदीलाच लागू. त्या पानाचा आणि किमतीच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

लगेच करा: पैसे भरल्या भरल्या ऑटो-रिन्यू बंद करा. बंद केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत सर्व्हिस चालू राहते ना, हे अकाउंटच्या पानावर तारीख बघून खात्री करा, आणि कॅलेंडरमध्ये दोन नोंदी टाका: रिफंडच्या मुदतीच्या ५ दिवस आधी एक, मुदत संपायच्या महिनाभर आधी दुसरी.

## टप्पा ८: पहिला आठवडा

ईमेलची पहिली गोष्ट रिकव्हरी. जिथे कंपनीला तुमचा मेल वाचता येत नाही तिथे पासवर्ड विसरलात तर तीही तो उघडून देऊ शकत नाही. प्रोटॉनमध्ये रिकव्हरी फ्रेज, टुटामध्ये रिकव्हरी कोड मिळतो, तो कागदावर लिहा आणि दोन जागी ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवला तर फोन हरवल्यावर दोन्ही गेले. टू-फॅक्टर लावा आणि त्याचे बॅकअप कोडही त्याच कागदावर.

मग डोमेन जोडा, आणि इथला क्रम पक्का आहे. आधी नव्या सर्व्हिसमध्ये सगळे पत्ते तयार करा, मग डोमेनची मालकी सिद्ध करणारी नोंद टाका, मग एमएक्स (डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ती नोंद) बदला, मग एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडून गेलाय हे दाखवणाऱ्या नोंदी), शेवटी डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). एमएक्स आधी बदलला आणि पत्ता तयार नसला तर मधल्या वेळात आलेले मेल परत जातात. एसपीएफची नोंद डोमेनला एकच असावी लागते, जुन्या सर्व्हिसची तशीच ठेवून दुसरी टाकली की दोन्ही बिघडतात आणि तुमचे मेल स्पॅममध्ये जायला लागतात, हा गोंधळ फार कॉमन आहे. डीमार्क सुरुवातीला फक्त निरीक्षणावर ठेवा, दोन-तीन आठवडे सगळं नीट चाललं की कडक करा.

थांबा: डोमेन जिथून घेतलं त्या खात्याचा लॉगिन ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं तर ते चालू करायचा मेल त्याच बंद पत्त्यावर येणार. तसंच मेलचा रिकव्हरी पत्ता आणि पासवर्ड मॅनेजर एकमेकांवर अवलंबून ठेवू नका.

व्हीपीएनसाठी चार तपासण्या, सगळ्या डिव्हाइसवर: आयपी बदललाय का, डीएनएस लीक होतोय का (साइटची नावं व्हीपीएनबाहेरून विचारली जातायत का), आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा आयपी) मधून खरा पत्ता दिसतोय का, आणि किल स्विच खरंच काम करतो का. शेवटचं तपासायला व्हीपीएन चालू असताना वायफाय बंद-चालू करा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, आणि व्हीपीएन जोडलं जायच्या आधी कुठलंही पान उघडतंय का ते बघा. उघडलं तर सेटिंग अर्धवट आहे.

यातलं काही फेल झालं आणि सपोर्टकडून ४-५ दिवसात सुटलं नाही, तर रिफंड मागा. "बघू अजून थोडे दिवस" यातच मुदत जाते.

## टप्पा ९: जुन्या मेलवरून हलणं

जुना मेल आधी कॉम्प्युटरवर पूर्ण डाउनलोड करून ठेवा, मग इम्पोर्ट करा. प्रोटॉनमध्ये जीमेल आणि आउटलुकवरून आणायची सोय आतच आहे, आयमॅप देणाऱ्या इतर ठिकाणी आयमॅपने आणता येतं. इम्पोर्ट झाल्यावर फोल्डरनिहाय आकडे जुळवून बघा, खास करून पाठवलेल्या मेलचं फोल्डर, ते अर्धवट राहिलेलं उशिरा लक्षात येतं.

मग जुन्या पत्त्यावर फॉरवर्डिंग लावा आणि पत्ते बदलायला घ्या. पहिले दोन-तीन दिवस फक्त न्यूजलेटर आणि शॉपिंगसारख्या साइट्स. तिथे ओटीपी व्यवस्थित आले की मग एकाच बैठकीत बँक, कर, विमा, मोबाइल कंपनी, क्लाउड खाती. उरलेल्या शेकडो साइट्सचं टेन्शन घेऊ नका, फॉरवर्ड होऊन मेल आला की त्या दिवशी त्या साइटवर बदला. नव्या इनबॉक्समध्ये जुन्या पत्त्यावरून आलेल्या मेलला वेगळं लेबल लावलं की काय राहिलंय ते आपोआप दिसतं.

जुनं खातं डिलीट करू नका, निदान वर्षभर तरी. वार्षिक रिन्यूअलचे मेल वर्षातून एकदाच येतात. मधूनमधून लॉगिनही करा, कारण वापर नसलेली खाती कंपन्या बंद करतात आणि काही ठिकाणी बंद झालेला पत्ता पुढे दुसऱ्याला मिळू शकतो.

## टप्पा १०: मुदत संपायच्या महिनाभर आधी

कॅलेंडरची दुसरी नोंद आली की तीन गोष्टी बघा. मालक बदललाय का, नवं ऑडिट आलंय का, आणि आपण वर्षभरात खरंच किती वापरलं. व्हीपीएन सोडायचं असेल तर नुसतं संपू द्या. नव्या ग्राहकाच्या दराने तीच सर्व्हिस परत हवी असेल तर सपोर्टला सरळ विचारा, बऱ्याचदा देतात. व्हीपीएनचं नवं खातं उघडायला काही अडत नाही, ईमेलचं मात्र नवं खातं म्हणजे सगळं पुन्हा हलवणं, तो उद्योग सवलतीसाठी करू नका, संपेपर्यंत थकाल.

ईमेल दुसरीकडे न्यायचं असेल तर मुदत संपायच्या आत न्या. प्लॅन खाली आला की डोमेन तुटू शकतं, जागा मर्यादेबाहेर गेली तर नवे मेल यायचे बंद होतात, आणि ब्रिजसारख्या गोष्टी चालत नाहीत म्हणजे मेल बाहेर काढायचा रस्ताच अरुंद होतो. आधी एक्सपोर्ट, मग नव्या ठिकाणी पत्ते, मग एमएक्स, आणि जुन्या प्लॅनचे किमान दोन आठवडे शिल्लक असताना हे सगळं करा, कारण डीएनएसचा बदल सगळीकडे पोचेपर्यंत काही मेल जुन्याच ठिकाणी येत राहतात.